कार्यालयीन प्रश्नोत्तरे : मुदत आवक शिक्क्यापासून मोजा

या वेळी आलेल्या पत्रांत माहिती अधिकार, लोकसेवा हक्क आणि तुंबलेल्या नस्त्या (फायली) या तीन विषयांचे प्रश्न सर्वाधिक आहेत. विषय वेगळे दिसले तरी घोळ एकाच जागी होतो. कागद कार्यालयात आला कधी आणि आपल्या टेबलावर आला कधी, या दोन तारखांमध्ये गल्लत होते आणि पुढची सगळी गणिते चुकतात. त्यामुळे निवडक सात प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील कायदे आणि नियमांना धरून आहेत.

प्रश्न १. माहिती अधिकाराचा एक अर्ज बारनिशीत (आवक-जावक नोंदणी कक्षात) ३ तारखेला आला, माझ्याकडे ९ तारखेला पोहोचला. वाचल्यावर कळले की विषय आमचा नाहीच, तो जिल्हा परिषदेचा आहे. अर्ज वर्ग करायची पाच दिवसांची मुदत ९ तारखेपासून धरली तर चालेल का?
— जनमाहिती अधिकारी, नगरपरिषद

चालणार नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(३) मधले पाच दिवस अर्ज कार्यालयाला मिळाल्यापासून मोजतात. कायद्याच्या दृष्टीने आपली बारनिशी म्हणजेच आपले कार्यालय. शिवाय हे पाच दिवस साधे दिवस आहेत, कामकाजाचे नाहीत. आपल्या प्रकरणात ८ तारखेलाच मुदत संपली.

आता दोन गोष्टी करा. अर्ज आजच्या आज वर्ग करा आणि तसे अर्जदाराला आजच लेखी कळवा. उशीर झाला म्हणून अर्ज ‘आमच्याशी संबंधित नाही’ असा शेरा मारून अर्जदाराला परत पाठवण्याची चूक करू नका. कलम ६(३) अर्ज परत करण्याची मुभा देत नाही, तो योग्य प्राधिकरणाकडे पाठवायला सांगते. अर्जातला एखादाच मुद्दा दुसऱ्यांचा असेल तर तेवढाच वर्ग करा आणि बाकीच्या मुद्द्यांचे उत्तर स्वतः द्या. हेही लक्षात असू द्या, की वर्ग करणे म्हणजे दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे पाठवणे. आपल्याच नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाकडे कागद पाठवला तर ते हस्तांतरण होत नाही, ती अंतर्गत हालचाल असते आणि ३० दिवसांचे घड्याळ चालूच राहते.

दुरुस्ती बारनिशीत करायची आहे. माहिती अधिकाराच्या अर्जांची नोंदवही वेगळी ठेवा. लिफाफा फोडला की त्यावर ‘मा.अ.’ असा ठळक शिक्का मारा, शिक्क्याखालीच ‘५ वा दिवस’ आणि ‘३० वा दिवस’ या दोन तारखा पेनाने लिहायला लावा आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या डाकेत अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या सहीने पोहोच करा. तारीख कागदावरच दिसली की पुढचा प्रत्येक जण ती पाहतो. सहायक जनमाहिती अधिकाऱ्यामार्फत आलेल्या अर्जाला उत्तराच्या मुदतीत आणखी पाच दिवस मिळतात. तीस दिवसांच्या जागी तिथे पस्तिसावा दिवस लिहा.

ई-ऑफिसमध्ये डाक नोंदवताना दोन तारखा असतात. नोंदणीची तारीख प्रणाली आपोआप घालते, प्राप्तीची तारीख आपण भरायची असते. चार दिवस साठलेली डाक एकदम स्कॅन करून प्राप्तीच्या जागी आजचीच तारीख टाकली, तर कागदावरचा शिक्का आणि पडद्यावरची नोंद जुळत नाही. अपिलात हेच पहिल्यांदा उघडे पडते.

प्रश्न २. शुल्क भरण्याचे पत्र पाठवल्यावर ३० दिवस नव्याने सुरू होतात, असे आमच्याकडे सगळे मानतात. हे बरोबर आहे का?
— कक्ष अधिकारी

हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. कलम ७(३) प्रमाणे शुल्काचे पत्र रवाना झाल्यापासून शुल्क भरले जाईपर्यंतचा काळ फक्त वगळायचा असतो. आधी वापरलेले दिवस वापरलेलेच राहतात.

आकडे घेऊन पाहा. अर्ज ४ जूनला आला. शुल्कपत्र २० जूनला रवाना झाले, म्हणजे १६ दिवस गेले. अर्जदाराने १० जुलैला पैसे भरले. उरलेले १४ दिवस तिथून पुढे, म्हणजे २४ जुलैपर्यंत माहिती द्यायची. हेच शुल्कपत्र ३ जुलैला पाठवले असते तर २९ दिवस संपले असते आणि पैसे भरल्यावर हातात एकच दिवस उरला असता. तिसाव्या दिवसाच्या तोंडावर शुल्कपत्र काढून वेळ मिळवू पाहणारे कार्यालय स्वतःचीच कोंडी करून घेते. मुदत उलटल्यावर तर कलम ७(६) प्रमाणे माहिती विनाशुल्क द्यावी लागते, मग शुल्कपत्रालाच अर्थ उरत नाही.

रवाना झाल्याचा दिवस म्हणजे जावक क्रमांक पडून पत्र बाहेर गेले तो दिवस. १२ तारखेला सही झाली आणि पाकीट २० तारखेपर्यंत जावक टेबलावर पडून राहिले, तर मधले आठ दिवस आपल्याच खात्यावर लागतात.

पत्रात ‘सुमारे ३०० पाने’ असा अंदाज लिहू नका. संचिका आधी पृष्ठांकित करून घ्या, पाने मोजा आणि हिशेब मांडा : ३१२ पाने, दर पानी २ रुपये, एकूण ६२४ रुपये, टपालाने हवे असल्यास टपालखर्च वेगळा. पैसे कुठे व कसे भरायचे ते लिहा. शुल्काच्या रकमेविरुद्ध दाद मागण्याचा अर्जदाराला हक्क आहे, हे वाक्य आणि अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम व पत्ता असल्याशिवाय पत्र पुरे होत नाही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुरावा जोडला असेल तर शुल्क मागायचेच नाही.

प्रश्न ३. मागील दहा वर्षांतील सर्व कामांची गावनिहाय, योजनानिहाय तक्त्यात माहिती मागितली आहे. असा तक्ता आमच्याकडे नाही. अर्ज फेटाळावा का?
— गटविकास अधिकारी कार्यालय

तक्ता नसेल तर तो तयार करून देण्याचे बंधन नाही. जी माहिती ज्या रूपात अभिलेखात आहे ती द्यायची, नवी जुळवायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण तेवढ्यावर अर्ज फेटाळलात तर अपिलात टिकणार नाही, कारण ज्या नोंदवह्यांतून तो तक्ता झाला असता त्या तर आपल्याकडे आहेत.

कलम ७(९) चा उपयोग इथे करायचा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी चुकीचा होतो. मागितलेल्या रूपात माहिती देताना कार्यालयाची साधने प्रमाणाबाहेर खर्ची पडत असतील तर रूप बदलता येते, असे ते कलम सांगते. नकार देण्याचे ते कारण होऊ शकत नाही. म्हणून असे कळवा : कामांच्या नोंदवह्या वर्षनिहाय अमुक कपाटात आहेत, अमुक तारखेपासून अमुक वेळेत त्या पाहता येतील, हव्या त्या पानांच्या प्रती ठरलेल्या दराने मिळतील. तारीख आणि वेळ लिहिलीच पाहिजे. ‘कार्यालयीन वेळेत येऊन पाहावे’ एवढेच लिहिले तर अर्जदार येतो तेव्हा नेमका संबंधित कर्मचारी रजेवर असतो.

महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारणतः १५० शब्द अपेक्षित आहेत. विषय अनेक असतील तर पहिल्याचे उत्तर द्या आणि बाकीच्यांसाठी स्वतंत्र अर्ज करण्यास सुचवा. शब्द मोजून अर्ज परत धाडणे मात्र आम्हाला योग्य वाटत नाही. अर्ज लिहिणारा माणूस बहुतेक वेळा कार्यालयाच्या चकरा मारून थकलेला असतो.

प्रश्न ४. माहिती अधिकार अधिनियमातले व्यक्तिगत माहितीबाबतचे कलम ८(१)(ञ) बदलले असे ऐकले. आता कर्मचाऱ्यांविषयी काहीच द्यायचे नाही का?

बदलले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील संबंधित तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, खासगीपणात अवाजवी शिरकाव होतो का, या जुन्या कसोट्या त्या कलमातून गेल्या. व्यक्तिगत माहिती, एवढाच अपवाद तिथे उरला.

कलम ८(२) मात्र जसेच्या तसे आहे. माहिती उघड करण्यातले जनहित नुकसानापेक्षा मोठे असेल तर ती देता येते. कलम १० ही आहे, म्हणजे आधार क्रमांक, बँक खाते, घरचा पत्ता झाकून बाकीचा कागद देता येतो. कलम ४ खाली आपण स्वतःहून प्रसिद्ध करायची अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि मासिक वेतनही तिथेच आहे. तेव्हा ‘व्यक्तिगत माहिती, सबब नाकारली’ अशी एक ओळ लिहून मोकळे होऊ नका. कलम ८(२) चा विचार केला, अमुक कारणाने जनहित मोठे आढळले किंवा आढळले नाही, एवढी दोन वाक्ये आदेशात हवीतच.

प्रश्न ५. सेवा केंद्रावरून उत्पन्न प्रमाणपत्राचे अर्ज अपुऱ्या कागदपत्रांसह येतात. त्रुटी आम्हाला दहाव्या-बाराव्या दिवशी कळते. मुदत उलटल्याचा दोष मात्र आमच्यावर येतो.
— नायब तहसीलदार

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत सर्व बाबतींत पूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात. पण अपुरा अर्ज पोच देऊन स्वीकारला आणि दहा दिवस उघडूनही पाहिला नाही, तर ‘अर्ज पूर्ण नव्हता’ हे बाराव्या दिवशी सांगणे कोणाला पटेल? उत्पन्न प्रमाणपत्राची मुदत १५ दिवसांची आहे. त्रुटी पहिल्या दोन दिवसांत निघाली तरच ती त्रुटी म्हणून उभी राहते.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी आदल्या दिवशीचे सगळे अर्ज फक्त कागदपत्रांसाठी चाळून घ्या. गुणदोष तपासायचे नाहीत, जोडपत्रे आहेत की नाहीत तेवढेच. जे कमी आहे ते एकाच वेळी, नाव घेऊन कळवा. ‘आवश्यक कागदपत्रे जोडावीत’ हा शेरा निरुपयोगी आहे, कारण कोणते ते अर्जदाराला आधीच माहीत असते तर त्याने जोडलेच असते. एकदा त्रुटी काढून ती भरून आल्यावर दुसरी नवी त्रुटी काढणे तर थांबलेच पाहिजे.

अर्ज नाकारायचा असेल तर कारण, अपिलाची मुदत आणि प्रथम अपीलीय प्राधिकाऱ्याचे पदनाम लेखी द्या. पहिले अपील ३० दिवसांत करता येते, दुसरेही ३० दिवसांत आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे ६० दिवसांत. कारणाशिवाय उशीर ठरल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होते. खुलाशात कामाला येते ती रोजच्या छाननीची तारीखवार नोंद, म्हणून ती ठेवा.

प्रश्न ६. माझी नस्ती तीन वेळा ‘चर्चा करावी’ शेऱ्याने परत आली. सात दिवसांचा नियम वरिष्ठांना लागू होत नाही का?
— प्रथम लिपिक

लागू होतो. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम २००५ चा. त्याच्या कलम १० मध्ये ‘कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे’ असा शब्द आहे, पद पाहिलेले नाही. नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका माणसाकडे राहू नये. तात्काळ नस्ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची चार दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, जायची असेल तर तीन महिन्यांत. न्यायप्रविष्ट आणि काही धोरणात्मक बाबी यातून वगळल्या आहेत. जाणूनबुजून केलेला विलंब शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो.

तरीही नस्ती फिरत राहते, कारण ‘चर्चा करावी’ म्हटल्यावर ती खाली येते आणि सात दिवस पुन्हा नव्याने मोजले जातात. कायद्याच्या ४५ दिवसांना मात्र असा नवा जन्म नसतो. म्हणून टिपणीच्या पहिल्या पानावर, विषयाच्या वर, मूळ अर्जाची आवक तारीख आणि ४५ वा दिवस लिहायची सवय लावा. चर्चा झाली की त्याच दिवशी ‘दिनांक अमुक रोजी चर्चा झाली, खालीलप्रमाणे निदेश मिळाले’ असे दोन ओळींत टिपून नस्ती पुन्हा सादर करा. चर्चा होऊनही टिपली नाही तर महिन्याने तीच चर्चा नव्याने होते.

नस्ती परत येण्याला खालची बाजूही तितकीच जबाबदार असते. ‘आदेशार्थ सादर’ लिहून प्रस्ताव सोडून दिलेला असतो. काय करायचे हेच टिपणीत नसेल तर वरिष्ठ चर्चेला बोलावणारच. चांगल्या टिपणीत मागणी काय, नियम कोणता आणि त्याचा कोणता परिच्छेद, निधी आहे का, पूर्वी अशा प्रकरणात काय केले, मंजुरीचे अधिकार कोणाला आणि आमचा प्रस्ताव काय, हे सगळे असते. सोबत आदेशाचा मसुदा जोडा. अधिकारी सहमत झाले की तिथल्या तिथे सही होते, मसुद्यासाठी वेगळी फेरी लागत नाही.

वरिष्ठांनाही एक विनंती. अधिकार प्रदान करून सादरीकरणाचे टप्पे तीनच ठेवावेत, अशी याच कायद्याची अपेक्षा आहे. पाच सह्या लागणाऱ्या नस्तीवर प्रत्येकाने नियम पाळून सात-सात दिवस घेतले तरी ३५ कामकाजाचे दिवस होतात, आणि ते दिनदर्शिकेवर सात आठवडे भरतात. ४५ दिवस तिथेच संपले.

प्रश्न ७. बदलीने नव्या कार्यासनावर आलो आहे. आधीच्या कर्मचाऱ्याने यादी दिलेली नाही. कपाटावर, खिडकीत, टेबलाखाली मिळून पाच-सहाशे कागद आहेत. सुरुवात कुठून करू?
— महसूल सहायक

सहा गठ्ठा पद्धतीपासून. आपल्या महसूल कार्यालयांना ब्रिटिशकालीन अधिकारी अँडरसन यांच्या नियमपुस्तिकेपासून ती परिचित आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी बदलली तेव्हा अभिलेखाची शिस्त हा तिचा कणा होता. पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या शून्य प्रलंबितता मोहिमेतही हीच पद्धत पुन्हा उजळली. पद्धत जुनी आहे, पण तिच्याइतकी उपयोगी दुसरी आम्हाला माहीत नाही.

पहिल्या दिवशी एकही उत्तर लिहू नका. जमिनीवर सहा जागा आखून घ्या आणि प्रत्येक कागद एकदाच हातात घ्या. आपण काहीतरी करायचे आहे तो प्रलंबित. आपण लिहून पाठवले आहे, समोरून उत्तर यायचे आहे, तो प्रतीक्षाधीन. ठरावीक तारखेला जाणारी विवरणपत्रे नियतकालिकांत. शासन निर्णय आणि परिपत्रके स्थायी आदेश संचिकेत. काम संपलेले, अभिलेख कक्षात जायचे ते पाचव्या गठ्ठ्यात आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद सहाव्यात. कागदाला अर्धा मिनिट धरले तरी सहाशे कागद पाच तासांत लागतात. वाचत बसलात तर पाच आठवडे जातील.

दुसऱ्या दिवशी फक्त पहिला गठ्ठा घ्या. प्रत्येक कागद आवक शिक्क्याच्या तारखेप्रमाणे लावा, सर्वांत जुना वर. कार्यविवरण नोंदवहीशी (कार्यासनावर आलेल्या कागदांच्या वहीशी) ताळा करा. कागद आहे पण नोंद नाही, आणि नोंद आहे पण कागद नाही, अशा दोन याद्या निघतील. दुसरी यादी वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी द्या. पदभार घेतल्यावर जितक्या लवकर ती जाईल तितका हरवलेल्या कागदाचा भार आपल्या माथी कमी येईल. माहिती अधिकाराचे अर्ज, न्यायालयाची पत्रे, विधिमंडळाचे प्रश्न आणि लोकसेवेचे अर्ज या यादीतून वर काढून वेगळ्या रंगाच्या फायलीत ठेवा.

दुसरा गठ्ठा सगळ्यांत फसवा. पत्र पाठवले की कर्मचाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते आणि कागद तिथे वर्षभर झोपतो. प्रतीक्षाधीन प्रत्येक कागदावर पेन्सिलीने स्मरणपत्राची तारीख टाका आणि गठ्ठा विषयाप्रमाणे न लावता त्या तारखेप्रमाणे लावा. रोज सकाळी वरचे चार कागद उचलले की स्मरणपत्रे आपोआप निघतात. तिसऱ्या स्मरणपत्रानंतरही उत्तर नसेल तर चौथे पाठवू नका, अर्धशासकीय पत्र काढा किंवा माणूस पाठवा.

पाचव्या गठ्ठ्याला घाई नाही, पण वर्ग घातल्याशिवाय तो अभिलेख कक्षात देऊ नका. ‘अ’ कायमचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ एक वर्ष. जमिनीचे हक्क, सेवापुस्तके, मूळ मंजुरी आदेश यांच्यावर घाईत ‘क’ लिहिले गेले, तर दहा वर्षांनी कोणाचा तरी पुरावाच नाहीसा होतो. शंका असेल तेव्हा वरचा वर्ग द्या. पृष्ठांकन करून, निंदणी करून (नको असलेले कागद काढून), यादीच्या दोन प्रतींसह गठ्ठा द्या आणि एका प्रतीवर अभिलेखपालाची सही घ्या.

‘ड’ वर्गाचे कागदही परस्पर रद्दीत घालायचे नाहीत. त्यांची यादी करून सक्षम अधिकाऱ्याचा आदेश घ्या. लेखापरीक्षणाचा आक्षेप, न्यायालयीन दावा किंवा माहिती अधिकाराचे अपील चालू असलेला एकही कागद त्यात नाही, असे प्रमाणपत्र यादीखाली असू द्या. कागद फाडून किंवा यंत्रात कापूनच बाहेर जाऊ द्या. भेळेच्या पुडीवर सातबाराच्या अर्जदाराचे नाव दिसणे ही त्या माणसाशी केलेली प्रतारणा आहे.

यापुढे दर सोमवारी गोषवारा काढा : मागील शिल्लक, आठवड्यात आलेले, एकूण, निर्गत (निकाली काढलेले), आजची शिल्लक. शेवटचा आकडा पहिल्या गठ्ठ्यातले कागद प्रत्यक्ष मोजून लिहा. वजाबाकीने लिहिलेला आकडा नेहमीच बरोबर दिसतो, म्हणून वहीवर विसंबू नका. दोन्ही जुळले नाहीत तर त्या आठवड्यातली बारनिशीची पाने उघडा आणि आपल्या कार्यासनाच्या नावापुढची पोहोच सही कोणाची आहे ते पाहा. बहुतेक वेळा कागद शेजारच्या टेबलावर सापडतो.